गोळा जमिनीतून उगवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी डिचोली तालुक्यातला एक निवृत्त पीटी मास्तर. एकतीस वर्षे गळ्यात शिट्टी होती. आता गळ्यात काही नसते, पण संध्याकाळी पाय आपसूक मैदानाकडे वळतात. पाच गुणांवरून हे पत्र लिहितो आहे. पाच गुणांसाठी कोणी वर्तमानपत्राला पत्र लिहितो का, असे घरातूनही विचारून झाले आहे.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी अकरावी सायन्सला आहे. आठवीपासून माझ्याकडे गोळा फेकते. मागच्या महिन्यात तिच्या ट्युशनमध्ये सराव परीक्षा झाली, पर्यायी उत्तरांची. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. प्रश्न इंग्रजीत होता, मराठीत त्याचा अर्थ असा: गोळाफेकपटूने गोळा क्षितिजाशी किती अंशांच्या कोनात सोडल्यास तो जास्तीत जास्त दूर पडेल? पर्याय ३०, ४०, ४५ आणि ६०. पोरीने ४०वर खूण केली. उत्तरसूचीत ४५ होते. चार मिळाले नाहीत आणि एक कापला गेला, म्हणजे पाच.

तिने तिथल्या सरांना विचारले. सर तरुण आहेत, स्वभावाने चांगले आहेत, ओरडले वगैरे नाहीत. “तुझे म्हणणे असेलही, पण पेपरात पंचेचाळीसच लिही,” एवढेच म्हणाले. संध्याकाळी मैदानावर येऊन तिने गोळ्याला हातही लावला नाही. सरळ मला विचारले, “सर, हांव खंय चुकलें?”

ती चुकलीच नव्हती. पण तिला तसे सांगायला माझी जीभ लवकर उचलेना. कारण हेच पंचेचाळीस मी स्वतः निदान वीस वर्षे पोरांच्या डोक्यात हातोड्याने ठोकले आहे. शाळेच्या मैदानाला लागून चिऱ्यांची भिंत आहे. तिच्यावर गेरूने पंचेचाळीस अंशांची तिरकी रेघ मी मारून घेतली होती. चित्रकलेच्या मास्तरांकडून कोनमापक आणून, दोरी ताणून, अगदी काटेकोर. पोरगा वर्तुळात उभा राहिला की मी ओरडायचो, “भिंतीकडे बघ, रेघेकडे बघ!”

नव्वदच्या दशकात एक मुलगा होता. बाप खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, पोरगा अंगाने दणकट. तो गोळा चपटा फेकायचा. मला ते बघवत नसे. दोन महिने मी त्याला रेघेबरहुकूम फेकायला लावले आणि त्याचा पल्ला फूटभराने कमी झाला. मी काय निष्कर्ष काढला असेल? पोरगा आळशी झाला. तालुका स्पर्धेला त्याने माझ्याकडे पाठ करून पुन्हा आपल्या पद्धतीने चपटा गोळा टाकला आणि पहिला आला. मी त्याचे अभिनंदन केले, पण मनातून म्हणालो, नशीब. आज तो कुठे भेटला तर मला त्याची माफी मागायची आहे.

आता पंचेचाळीस आले कुठून ते सांगतो. मी फिजिक्सचा शिक्षक नव्हे. बी.एस्सी.ला जेवढे शिकलो तेवढ्यावर आणि पुढे मुलांची पुस्तके चाळून जे कळले त्यावर बोलतो आहे, चुकलो तर जाणकारांनी कान धरावा. पंचेचाळीस अंश हे तोफवाल्यांचे उत्तर आहे. इटलीतल्या तार्तालिया नावाच्या गणितज्ञाने १५३७ साली तोफगोळ्यांसाठी ते मांडले आणि गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात रीतसर सिद्ध केले. फेकलेली वस्तू अन्वस्त रेषेत (पॅराबोलात, कमानीसारखी वर जाऊन खाली) जाते हेही त्याच ग्रंथात आहे. तोफ जमिनीवर असते आणि गोळा जमिनीवर पडतो. सुटण्याची आणि पडण्याची पातळी एक. एवढी एक अट पाळली (आणि हवा विसरली) तर पंचेचाळीस बिनचूक आहे.

आमच्या पोरीचा गोळा मात्र जमिनीतून उगवत नाही. तो तिच्या हातातून सुटतो आणि सुटताना हात जमिनीपासून पावणेदोन मीटरवर असतो. सगळी गंमत या पावणेदोन मीटरमध्ये आहे.

फेकणाऱ्याकडे वेगाची एक ठराविक पुंजी असते असे समजा. त्यातला काही वेग वर खर्च करायचा, काही पुढे. वरचा वेग गोळ्याला हवेत वेळ मिळवून देतो आणि त्या वेळात पुढचा वेग त्याला पुढे नेतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पल्ला. जमिनीवरून फेकायचे तर दोन्हीकडे सारखी वाटणी केलेली बरी, म्हणून पंचेचाळीस. पण हात उंचावर असला की खाली यायचा थोडा वेळ फुकटात मिळतो. वेळ आयता मिळत असेल तर वर कशाला एवढे उधळायचे? तेवढी पुंजी पुढच्या वेगाकडे वळवावी. म्हणून उत्तम कोन पंचेचाळीसच्या खाली येतो. हात जितका उंच आणि वेग जितका कमी, तितका जास्त खाली.

हे तिला सांगितले. पण निव्वळ सांगण्याला आमच्या मैदानावर किंमत नाही, तिथे टेपने मोजलेले तेवढेच खरे. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मोजणी केली. ती कशी केली हे सविस्तर लिहितो, कारण कुठल्याही शाळेला ती एका तासिकेत करता येईल.

साहित्य: तीन किलोचा गोळा, मोजायचा टेप, तिच्या भावाचा साधा मोबाइल आणि दोन मीटरचा एक बांबू. बांबूवर दर पंचवीस सेंटिमीटरवर लाल चिकटपट्टी. बांबू वर्तुळाशेजारी उभा रोवला, म्हणजे गोळा हातातून सुटताना हाताची उंची व्हिडिओत वाचता येते. मोबाइल बाजूला, पंधरा-सोळा पावलांवर, भिंतीच्या कठड्यावर दोन चिऱ्यांच्या खाचेत उभा केला. हात आणि गोळा पडण्याची जागा दोन्ही चित्रात आली पाहिजेत. भाऊ चित्रण करणार, मी टेप धरणार. मोबाइलचे साधे चित्रण सेकंदाला तीस चौकटींचे असते, म्हणजे एकेक चौकट पुढे सरकवत मोजली की घड्याळ लागत नाही.

तिने सहा फेकी केल्या. चौथी स्वच्छ होती. टेप म्हणाला नऊ मीटर बेचाळीस. इथे एक बारकावा आहे, जो पुस्तकात मिळत नाही. पंच मोजतात ते स्टॉप बोर्डच्या (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या अडणीच्या) आतल्या कडेपासून. गोळा सुटतो तेव्हा फेकणाऱ्याचा हात बोर्डाच्या पुढे गेलेला असतो. तिचा हात वीस सेंटिमीटर पुढे होता. गोळ्याने हवेत कापलेले खरे अंतर म्हणून नऊ मीटर बासष्ट धरले. या एका फरकाने माझा आणि तिचा पहिला हिशेब फसला होता.

मग आमच्या सोप्यावर बसून चौकटी मोजल्या. हात सुटल्यापासून लाल मातीत गोळा रुतेपर्यंत. तिचे चाळीस आले, माझे एक्केचाळीस. बायको चहा घेऊन आली होती, तिने मोबाइल हातात घेऊन मोजले, चाळीस. वर म्हणाली, “चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा.” चाळीस चौकटी म्हणजे १.३३ सेकंद.

पुढचे गणित पोरीने केले, मी फक्त बघत होतो. ९.६२ मीटरला १.३३ सेकंदांनी भागले की पुढचा वेग सेकंदाला ७.२ मीटर. वरच्या वेगासाठी: १.३३ सेकंदांत गुरुत्वाकर्षणाने गोळा ८.७१ मीटर खाली ओढला असणार (४.९ गुणिले वेळेचा वर्ग). प्रत्यक्षात तो हातापासून फक्त १.७५ मीटर खाली आला. उरलेले सुमारे सात मीटर वरच्या वेगाने भरून काढले. सातला १.३३ने भागले की वरचा वेग सेकंदाला ५.२. आता ५.२ भागिले ७.२. तिने कॅल्क्युलेटरवर टॅन उलटा केला आणि कोन आला ३६ अंश. दोन्ही वेग मिळून गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला ८.९ मीटर.

एका टेपने, एका मोबाइलने आणि तीन भागाकारांनी गोळ्याचा वेग आणि कोन दोन्ही मिळाले. मला सोप्यावर बसल्या बसल्या अक्षरशः घाम फुटला. एकतीस वर्षांत मला एकाही पोराचा कोन ठाऊक नव्हता. मी फक्त ओरडत होतो. एक चौकट इकडेतिकडे झाली तर कोनात दीड-दोन अंशांचा फरक पडतो हेही आम्ही ताडून पाहिले. माझ्या एक्केचाळीसने साडेसदतीस येतात. पण काहीही केले तरी पंचेचाळीसच्या जवळपासही जात नाही.

आता मुख्य प्रश्न. याच वेगाने, याच उंचीवरून तिने वेगळ्या कोनात फेकले असते तर? तिने वहीत कोष्टक मांडले. सर्वांत जास्त पल्ला येतो ४० अंशांच्या किंचित आत, ९.६८ ते ९.६९ मीटर. पंचेचाळीसला येतो ९.५७. म्हणजे आपल्या ‘चुकीच्या’ ३६ अंशांत तिने जे ९.६२ गाठले, त्यापेक्षा भिंतीवरच्या रेघेप्रमाणे फेकून ती पाच सेंटिमीटर मागे पडली असती. पुस्तकातले सरळ सूत्र लावले, वेगाचा वर्ग भागिले जी (गुरुत्वाकर्षणाचा आकडा, ९.८), तर उत्तर येते ८.०९ मीटर. गोळ्याने कापले ९.६२ आणि सूत्र दाखवते ८.०९. दीड मीटरची तफावत! तालुका स्पर्धेत दीड मीटर म्हणजे पहिला आणि कोणीच नाही, यांच्यातले अंतर.

आणि प्रश्नपत्रिकेतल्या चार पर्यायांपैकी खऱ्या उत्तराला सर्वांत जवळचा पर्याय होता ४०. तिने तोच निवडला होता. तेव्हा तिने गणित केले नव्हते, हाताला जे माहीत होते ते लिहिले होते.

मग ती ४०ने न फेकता ३६ने का फेकते? हाही प्रश्न तिनेच काढला. कोष्टक मांडताना आपण वेग सगळ्या कोनांना सारखाच धरला. माणसाचा हात मात्र तोफ नव्हे. गोळा जितका वर ढकलायचा तितके त्याच्या वजनाशी झुंजावे लागते. शिवाय खांद्या-छातीचे स्नायू समोर ढकलताना जास्त जोर देतात, वर ढकलताना कमी. कोन वाढवला की वेग घसरतो. म्हणून जगातले मोठे गोळाफेकपटूही साधारण ३५ ते ३८ अंशांच्या आसपास गोळा सोडतात. पुरुषांच्या गोळ्याचा विश्वविक्रम अमेरिकेच्या रायन क्राउझरचा, २०२३ सालचा, २३.५६ मीटर. त्या ट्रकवाल्या ड्रायव्हरच्या पोराला हे कोणी शिकवले नव्हते, त्याच्या अंगानेच त्याला शिकवले होते आणि मी ते मोडायला निघालो होतो.

कोष्टकात आणखी एक गोष्ट दिसली, जी मी आता प्रत्येक पीटी शिक्षकाला सांगत सुटलो आहे. कोनात चार अंशांचा फरक पडला तर नुकसान सहा-सात सेंटिमीटर. पण वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढला, ८.९ चा ९.४ झाला, तर त्याच ३६ अंशांत पल्ला नव्वद सेंटिमीटरनी वाढतो. आम्ही आयुष्यभर कोनाच्या मागे लागलो आणि पाय, कंबर, ग्लाइड (फेकण्याआधी वर्तुळात घसरत पुढे येणे) यांकडे कानाडोळा केला. म्हणजे वेग जिथून येतो तिकडेच. पोरगी आता रोज कोनाचा विचार न करता पायऱ्या चढते-उतरते आहे.

गोळ्याचे नशीब चांगले की त्याला हवा फारशी आडवी येत नाही. तीन किलोच्या लोखंडावर हवेचा रोध त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. म्हणून शाळेत शिकवायला गोळाफेकीसारखे उदाहरण नाही. भालाफेक हे वेगळे प्रकरण आहे. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण आणले, त्यानंतर प्रत्येक क्लासच्या प्रश्नसंचात नीरजचा भाला आला. कौतुक म्हणून ठीक, पण भाला हवेवर थोडा तरंगतो, त्याला अन्वस्ताचे सूत्र लावणे म्हणजे घारीला दगडाचे सूत्र लावण्यासारखे आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला. मग १९८६पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे नेऊन तो लवकर नाक खाली करील असा केला गेला. वजन तेच, माणसे तीच, पण पल्ला कमी झाला. हे एका ओळीतल्या सूत्रात कुठे बसणार?

आमच्या गोव्यात फुटबॉलचे उदाहरण दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही, म्हणून तेही देतो. भात कापून झाले की शेतात बांधाला लागून गोल उभे राहतात, तिथले पोरगेही हे समजू शकते. गोलपासून वीस मीटरवर फ्री किक मिळाली. भिंत ९.१५ मीटरवर, उड्या मारून त्यांची डोकी अडीच मीटरपर्यंत येणार. गोलची आडवी दांडी २.४४ मीटरवर. चेंडू भिंतीवरून जायला हवा आणि दांडीखालून आत शिरायला हवा, समजा २.२० मीटरवर. या दोन अटींतून कोन आणि वेग दोन्ही ठरतात: २२ अंश आणि ताशी ७० किलोमीटर. गोलकीपरला मिळतो १.१ सेकंद. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना गोलमध्ये उभे पाहिलेल्या आमच्या पिढीला त्या एका सेकंदात माणूस काय करू शकतो ते ठाऊक आहे. आता कोणी म्हणेल, ७० कशाला, १०० ने मारू. मारा. भिंतीवरून गेलेला चेंडू दांडीवरूनही जाईल आणि बांधापलीकडच्या चिखलात सापडेल. जोरात मारून आत घालायचा तर चेंडूला पुढच्या बाजूला फिरकी द्यावी लागते, म्हणजे हवाच त्याला खाली दाबते. तिथे आमचे सूत्र संपते. एवढ्या वेगात फुटबॉलवर हवेचा रोध त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, तेव्हा वरचे आकडे ढोबळ समजावेत. पण कोणत्या बाजूला चूक होईल ते सूत्र बरोबर सांगते.

आणि झेल. हे मला सगळ्यांत आवडते. उंच उडालेला चेंडू आपल्याकडे येतोय, मागे जातोय की पुढे पडतोय, हे सीमारेषेवरच्या पोराला कसे कळते? सेव्हिल चॅपमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली बेसबॉलच्या निमित्ताने याचा उलगडा केला. आपल्या समोर दोन पावलांवर एक उंच बांबू रोवला आहे अशी कल्पना करा. चेंडू त्या बांबूवर कुठल्या उंचीवर दिसतो ते बघत राहा. तुम्ही बरोबर पडण्याच्या जागी उभे असाल तर चेंडूची खूण बांबूवर एकसारख्या गतीने वर चढत जाते. चेंडू प्रत्यक्षात खाली येत असला तरी! चढण्याची गती वाढू लागली की चेंडू डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावली की पुढे पडणार, पुढे पळा. हवा नाही असे धरले तर हे कागदावर दोन ओळींत सिद्ध होते, अकरावीच्या गणितात. मी मयेच्या पोरांना टेनिस बॉलवर हे करून दाखवले. त्यातला एक नववीतला, शाळेत दोनदा नापास झालेला, म्हणाला, “सर, हे तर आम्ही करतोच.” करतातच. फक्त त्यालाच फिजिक्स म्हणतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

एक गंमत जाता जाता. जी सगळीकडे ९.८ नसतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याने आणि फुगवट्याने तो थोडा कमी असतो. आपल्याकडे ९.७८, फिनलंडमध्ये हेलसिंकीला ९.८२. वीस मीटर गोळा फेकणारा माणूस तोच वेग आणि तोच कोन ठेवून तिथून गोव्यात आला तर सहा सेंटिमीटर फुकट मिळवील. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आलेल्या पाहुण्यांना हे कोणी सांगितले होते की नाही, देव जाणे.

आता मागणे. प्रश्न काढणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की, ‘जमिनीवरून’ हा एक शब्द घाला. ‘जमिनीवरून फेकलेला दगड’ म्हणा, मग पंचेचाळीस निःशंक बरोबर आहे आणि कुणाचे पाच गुण जाणार नाहीत. पण प्रश्नात गोळाफेकपटू आणायचा असेल तर त्याला हात आहे हे विसरू नका. हाताची उंची द्या आणि मग उत्तर मागा. अकरावीच्या पोरांना ते जमते, आमच्या पोरीने सोप्यावर बसून पाऊण तासात केले.

दुसरे शाळांना. फिजिक्सची एक तासिका आणि पीटीची एक तासिका एकत्र करून मैदानावर घ्या. आमच्या शाळांत या दोन शिक्षकांची गाठ फक्त स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीत पडते. फिजिक्सवाल्यांना वाटते पीटीवाल्याला सूत्र कळत नाही, पीटीवाल्याला वाटते यांना घाम कळत नाही. दोघांचेही खरे आहे, म्हणून तर एकत्र आले पाहिजे. तालुका स्पर्धेत पंचांच्या कागदावर फक्त अंतर लिहिले जाते. बाजूला एक मोबाइल उभा केला तर प्रत्येक मुलाला घरी जाताना आपला वेग आणि कोनही नेता येईल. बक्षीस न मिळालेल्या मुलालाही. सातव्या क्रमांकावरच्या पोराचा वेग पहिल्याच्या बरोबरीचा निघाला तर पुढच्या वर्षी काय करायचे ते त्याला आपसूक कळेल.

पाच गुण परत मिळाले नाहीत, मिळावेत असा आग्रहही नाही, सराव परीक्षा होती. मुलीने सरांना वही नेऊन दाखवली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना एका ठिकाणी वर्गमूळ चुकले होते ते लाल शाईने दुरुस्त केले. चूक खरी होती, उत्तरात तीन सेंटिमीटरचा फरक पडला. वर दिलेले आकडे दुरुस्तीनंतरचे आहेत. सर येत्या रविवारी मैदानावर येतो म्हणाले आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटी निघतात म्हणे, तेव्हा बायकोचे आणि माझे भांडणही मिटेल.

भिंतीवरची गेरूची रेघ मी पुसायला गेलो होतो. पावसाळे खाऊनही ती अजून स्पष्ट आहे, घासून जाईना. पोरगी म्हणाली, राहू द्या, आणि खाली खडूने लिहिले: ‘फक्त झोपून फेकणाऱ्यांसाठी’.

कुणा शिक्षकाला करून बघायचे असेल तर दोन मीटरचा पट्ट्या लावलेला बांबू आमच्या अंगणात आहे, न्यावा आणि आणून द्यावा. पत्र कापावे लागले तर फुटबॉलचा परिच्छेद कापा, मोजणीचे आकडे कृपया कापू नयेत. माझे नाव छापू नये. आमचा वाडा लहान आहे, नाव छापले की पोरगी कोण ते सगळ्यांना कळेल आणि तिला ते नको आहे.

आपला,
एक निवृत्त पीटी मास्तर
मये, डिचोली